नॉर्मल पुरुषाचं रक्त

त्या सकाळी नॉर्मल चुकला. यंत्राच्या पडद्यावर एक आकडा उमटला आणि तो नेहमीच्या आकड्यांच्या पट्ट्याच्या खाली, चांगला खाली, जाऊन बसला. नॉर्मल हे यंत्र चालवणाऱ्याचं टोपणनाव. खरं नाव हजेरीच्या यंत्राला तेवढं ठाऊक होतं. हार्मोनं मोजणारी ही प्रयोगशाळा. बाहेरच्या खोलीत लोकांच्या दंडाला पट्टा आवळून रक्त घ्यायचं, आत ते गरगर फिरवून वरचं पिवळसर सीरम वेगळं काढायचं आणि यंत्रात लावायचं. कुणाला दिवस गेलेत, कुणाची पाळी कायमची जायच्या वाटेवर आहे, कुणाला मूल का होत नाही, हे सगळं त्या सीरममध्ये असतं म्हणतात. पण रोज लोकांचं रक्त लावण्याआधी यंत्राचीच परीक्षा घ्यावी लागते. त्यासाठी कंपनीच्या बाटल्या येतात, त्यांच्यातला आकडा आधीच ठाऊक असतो. इथल्या प्रमुख बाई, ज्यांना सगळे मॅडम म्हणत, जुन्या वळणाच्या होत्या. विकतची बाटली विकणाऱ्याच्या बाजूने बोलते, आपला एक घरचा माणूस हवा, असं त्यांचं म्हणणं. तो घरचा माणूस म्हणजे हा. कितीतरी वर्षं तो मधूनमधून दंड पुढे करत आला होता. त्याचं सीरम बारक्या ट्यूबांत भरून फ्रीजरमध्ये जाई, ट्यूबांवर 'नॉर्मल पुरुष' अशी चिठ्ठी लागे, आणि रोज सकाळी त्यातली एक वितळवून यंत्राला विचारलं जाई, ओळख बघू, हा कोण? यंत्र न चुकता ओळखत आलं होतं. जगातल्या फारशा कुणाकडून त्याची इतकी नियमित चौकशी होत नव्हती, त्यामुळे त्याला त्याचं थोडं कौतुकही होतं.

मग दिवसभर काखेत कळसा आणि गावाला वळसा. चाचणीचं रसायन, म्हणजे रिएजंट, बदललं, नळ्या धुतल्या, फ्रीजरचं तापमान पाहिलं. कंपनीच्या बाटल्या शहाण्या मुलांसारखी बरोबर उत्तरं देत होत्या, घरचाच तेवढा नापास होत होता. नुकत्याच भरलेल्या ट्यूबांचा हा नवा साठा. चिठ्ठ्या लावताना अदलाबदल झाली असेल, असं त्यानेच सुचवलं, कारण चूक हातून झाली म्हणायला माणूस चटकन तयार होतो, अंगात आहे म्हणायला होत नाही. मॅडमनी त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी बोलावून स्वतः रक्त काढलं. टेस्टोस्टेरॉन, काल नापास झालेलं ते पुरुषी हार्मोन, पुन्हा तळाला. आणि मॅडमनी आपल्या मनाने आणखी एक चाचणी लावली होती, प्रोलॅक्टिनची. बाळंतिणीला दूध आणतं ते हार्मोन, पुरुषांतही थोडं असतंच. त्याच्यात ते थोडं नव्हतं. फार नव्हतं, पण जिथे असायला हवं त्याच्या वर होतं. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि यंत्र ठीक आहे एवढंच म्हणाल्या. त्याला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर लाज. वर्गात सगळ्यांसमोर उभं केल्यासारखी लाज. इतकी वर्षं ज्याच्यावरून इतरांना पारखलं, तोच आता पट्ट्याबाहेर, म्हणजे कुंपणानेच शेत खाल्लं. घाबरू नकोस, पण मेंदूखालच्या त्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीचा फोटो काढून घे, असं मॅडम म्हणाल्या. तिथे गाठ असली तरी असे आकडे येतात. घाबरू नकोस म्हटल्यावर घाबरायचं नसतं हे त्याला कळत होतं, पण तोंडचं पाणी पळायचं ते पळालंच.

त्याला नॉर्मल हे नाव पडलं ते बायको होती तेव्हा. लग्नाला बरीच वर्षं होऊनही पाळणा हलेना, तेव्हा दोघांनी इथेच रक्त दिलं होतं. त्याचे सगळे आकडे पट्ट्याच्या बरोबर मधोमध आले. पुस्तकात चित्र काढावं इतके मधोमध. मॅडम खूश झाल्या आणि त्यांनी त्याला लगेच घरचा माणूस म्हणून कामाला लावलं. बायकोचेही आकडे ठीकच होते. दोन ठीक माणसांना मूल का होऊ नये, हे कुणाला सांगता येईना. डॉक्टर म्हणत, कारण सापडत नाही. कारण सापडलं असतं तर निदान त्याच्याशी भांडता तरी आलं असतं. मग दोघं एकमेकांशी भांडू लागली, आणि पुढेपुढे तेही बंद झालं. जाताना बायको भांडली नाही. तुझं सगळं बरोबर असतं, मला बरोबर माणसाचा कंटाळा आला, असं ती भाजी चिरताना बोलल्यासारखं बोलली आणि महिन्याभरात गेली. तिला पुढे मुलगी झाली. ही बातमी त्याला कळली तेव्हा तो ट्यूबांवर चिठ्ठ्या लावत होता. चिठ्ठ्या न चुकता लागल्या. आता इतक्या वर्षांनी आकडा खाली गेला, तर मनाच्या कुठल्यातरी कोपऱ्यात त्याला हायसंही वाटलं, की चला, आता तरी काहीतरी कारण निघेल. मग लक्षात आलं की आता कारण घेऊन करायचं काय? वरात गेल्यावर घोड्याला खरारा.

घरी बाबा होते. बाबा चष्म्याच्या कारखान्यात भिंगं घासत. कामापुरतं बोलणारा, कुणाला हात न लावणारा माणूस. त्यांच्या बोटांना भिंगं घासायच्या पुडीचा वास असे आणि ती बोटं फक्त भिंगांना लागत. लहानपणी त्याची नजर कमी झाल्यावर बाबांनी एकदा त्याची हनुवटी दोन बोटांत धरून डोळ्यांसमोर काचा बदलल्या होत्या. आता दिसतं? आणि आता? बाबांच्या स्पर्शाची आठवण काढायला गेलं की त्याला एवढीच सापडे. आई गेली, थोरला भाऊ दूरच्या शहरात स्थिरावला, बायको गेली, आणि दोन गप्प पुरुष एका घरात उरले. आणि मग बाबा विसरू लागले. आधी किल्ल्या, मग रस्ता, मग चमचा कशाला असतो ते. दिवसा शेजारच्या काकू येऊन बसत. सकाळ आणि संध्याकाळ त्याची. पाव दुधात कुस्करून भरवायचा, तोंड पुसायचं, अंग धुवायचं, कपडे बदलायचे, आणि त्यातलं जे बोलत नाहीत तेही करायचं. पहिल्यांदा त्याला शिसारी आली होती. खोटं कशाला बोला, बादली तशीच टाकून तो गॅलरीत जाऊन उभा राहिला होता. मग कधी शिसारी गेली ते कळलं नाही. नाकाला सवय होते तशी हातांना झाली असेल.

एका संध्याकाळी तो खाली बसून बाबांच्या पायांची नखं कापत होता आणि बाबा वरून म्हणाले, आई, दुखतंय. त्याने आधी वळून मागे पाहिलं. मग उघडी खिडकी पाहिली, कुणी ऐकलं तर नाही ना. मग म्हणाला, बाबा, मी आहे. बाबांनी दुकानदाराला मान डोलवावी तशी मान डोलवली, हो हो, तुम्हीच, आणि थोड्या वेळाने पुन्हा, आई, हळू. तेव्हापासून तो आई झाला. रोज नाही, बाबांच्या मर्जीप्रमाणे. बाबांची आई बाबा लहान असतानाच गेली होती. तिचा फोटोसुद्धा घरात नव्हता, ती कशी होती हे सांगणारंही कुणी उरलं नव्हतं. त्यामुळे आपण कोण झालोय हेच त्याला ठाऊक नव्हतं. दाढी करताना तो आरशात तिचं तोंड शोधायचा. भुवया तिच्या असतील का? दाढी अलीकडे सावकाश वाढायची, ते मात्र त्याने पाहिलं नव्हतं. म्हणजे पाहिलं होतं, पण वय म्हणून सोडून दिलं होतं. छातीही थोडी सुटली होती, प्रयोगशाळेत कुणीतरी खातंपितं घर दिसतंय म्हणून चेष्टा केली होती. आता आकडे कळल्यावर त्याने न्हाणीघराची कडी लावून स्वतःची छाती दाबून पाहिली. चोरासारखा, श्वास रोखून. काही आलं नाही. हुश्श वाटलं. आणि त्या हुश्शच्या मागोमाग, अगदी पाय वाजू न देता, थोडं वाईट वाटलं. ते कशासाठी, हे त्याला त्या दिवशी उमगलं नाही, पुढेही उमगलं नाही.

ग्रंथीचा फोटो साफ निघाला. गाठबीठ काही नाही. डॉक्टर तरुण होते, फोटो उजेडाला धरून पाहत होते आणि पाहता पाहता त्यांनी सहज विचारलं, "घरी तान्हं मूल आहे का?"

"नाही," तो म्हणाला. "का?"

"काही नाही. नव्याने बाप झालेल्या, मुलाचं सगळं स्वतः करणाऱ्या पुरुषांत असं थोडंफार दिसतं. हे उतरतं, ते चढतं. पण तुमचं वय तसं नाही म्हणा."

त्याच्या तोंडून निघून गेलं, "वडील आहेत."

डॉक्टरांनी फोटोवरून नजर काढली. मग त्यांनी कागद पुढे ओढून गोळी लिहिली. ताण असतो, झोप मोडत असेल, त्यानेही होतं. या गोळीने प्रोलॅक्टिन खाली येईल आणि बाकीचंही बहुधा मागोमाग रुळावर येईल. आठवड्यातून दोनदा अर्धी. घेतली तर बरं, नाही घेतली तर आकाश कोसळणार नाही. दुखतंय का कुठे? त्याने नाही म्हटलं. खरं तर काय होतंय ते त्याला सांगायचं होतं. बाहेरच्या खोलीत रक्त द्यायला आलेल्या बाईच्या कडेवरचं पोर रडलं की हातातली ट्यूब खाली ठेवावीशी वाटते. पहाटे बाबा हाक मारण्याच्या आधीच जाग येते आणि मग हाकेची वाट पाहावी लागते. मोठ्या माणसाचं तोंड पुसताना आपलेच ओठ हलतात. पण हे दुखण्यात मोडतं का? त्याने बाहेर औषधाच्या दुकानातून गोळी घेतली आणि खिशात घातली.

मॅडमना त्याने डॉक्टरांचा प्रश्न सांगितला. त्या हसतील असं वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत, फ्रीजरला पाठ लावून उभ्या राहिल्या. तरुणपणी त्यांनी प्राण्यांवर काम केलं होतं. त्या सांगू लागल्या, ओंजळीत मावतील एवढी माकडं असतात, त्यांना जुळी होतात आणि पोरं वाहायची बापाने. दूध पाजायला तेवढं आईकडे द्यायचं, बाकी दिवसभर ओझं बापाच्या पाठीवर. त्या बापांचं रक्त तपासलं तर प्रोलॅक्टिन चढलेलं. आणि बापाचंच असं नाही. कळपातला एखादा काका, थोरला भाऊ, ज्याने त्या पोराला जन्माला घातलेलं नाही, त्याने पोर पाठीवर घेतलं की त्याचंही चढतं. जो वाहतो त्याचं वाढतं. आणि टेस्टोस्टेरॉन माणसांच्या बापांतही उतरतं. मूल जितकं जवळ घेतील तितकं उतरतं म्हणतात. मग त्या म्हणाल्या, "मात्र म्हाताऱ्या बापाला पाठीवर वाहणारं जनावर माझ्या पाहण्यात नाही. तेव्हा माकडावरून स्वतःचं ठरवू नकोस."

त्याने विचारलं, "पण मॅडम, आधी काय होतं? वाहतो म्हणून वाढतं, की वाढतं म्हणून वाहावंसं वाटतं?"

"ते कळलं असतं तर मी इथे रिएजंटच्या तारखा बघत बसले असते का?" मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी फ्रीजर उघडून त्याच्या ट्यूबांची पेटी बाहेर काढली. ती टाकून द्यावी लागणार होती. त्यात चुकीचं काहीच नव्हतं, तरी कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत ट्यूबा पडतानाचा आवाज त्याला सोसवेना. नवा घरचा माणूस म्हणून हिशेबनिसाला धरलं. हिशेबनीस दंड पुढे करून इतका आनंदात बसला होता की जणू मांडवातला जावई. नाव मात्र त्याला चिकटलं नाही, ते याच्याकडेच राहिलं. सुंभ जळला तरी पीळ राहिला.

दादाला त्याने फोनवर आकडे सांगितले. सांगायला नको होते, हात दाखवून अवलक्षण. दादा वाईट माणूस नव्हता. बाबांसाठी त्याने एक चांगलं घर पाहून ठेवलं होतं, शहराच्या टोकाला, म्हाताऱ्यांची काळजी घेणारं, आणि तिथली एक खोली नुकतीच रिकामी झाली होती. वहिनीने स्वतः जाऊन मोरी, बिछाने, खिडक्या पाहिल्या होत्या. आता दादाच्या हातात आकडेच आले. बघ, तुझ्या रक्तात उतरलंय आता, अजून किती झिजणार आहेस, असं तो म्हणाला. त्याचा आवाज खरोखर दाटला होता. रविवारी मी गाडी घेऊन येतो, नुसतं बघू, बाबांना आवडलं तर ठेवू, नाही तर परत. यात नाही म्हणण्यासारखं काय होतं? काहीच नव्हतं. तो हो म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याला वाटलं, तेच आकडे, डॉक्टरांना त्यात ताण दिसतो, मॅडमना माकडं, दादाला झीज. मला काय दिसतं? त्याला काही दिसत नव्हतं. जन्मभर दुसऱ्यांचे आकडे वाचलेल्या माणसाला स्वतःचा एक आकडा लागत नव्हता.

मुख्य प्रश्न तर त्याने कुणाला विचारलाच नव्हता, आणि तो शनिवारी संध्याकाळी बाबांना भरवताना समोर येऊन बसला. हे जे वाटतं, बाबांच्या हनुवटीवरचं दूध पुसताना पोटात काहीतरी सैल होतं, ते आपलं आहे की त्या हार्मोनचं? जन्मभर बाबांबद्दल असं काही वाटलं नव्हतं. आदर होता, थोडी भीती, बरीचशी सवय. माया म्हणावी असं काही नव्हतं, दोन्हीकडून. मग ही माया आली कुठून, आणि तीही आता, जेव्हा बाबांना आपण कोण हेही ठाऊक नाही? समजा ती रक्तातून आली. तर मग गोळीने जाईल. आणि गोळीने जाणार असेल तर ती आपली कशी? आणि गेली तर उद्याचं सगळं किती सोपं होईल. नीट गाडीत बसवू, खोली दाखवू, रविवारी रविवारी भेटायला जाऊ, इतर मुलं जातात तसं. त्याला हे सोपं हवं होतं. मनापासून हवं होतं, कारण तो थकला होता, पाठ दुखत होती, आणि सिनेमाला गेल्याला किती काळ लोटला ते आठवत नव्हतं. त्याने खिशातली गोळी काढली, अर्धी केली आणि बाबांच्याच पेल्यातल्या पाण्याबरोबर गिळली. बाबांनी आ केला, त्यांना वाटलं आपल्यालाही मिळणार. त्याने त्यांना पावाचा घास दिला.

गोळीने मळमळलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मळमळेल. पहाटे त्याला जाग आली तेव्हा तो पडल्या पडल्या स्वतःला तपासू लागला. जाग हाकेच्या आधी आली का? आली. मग गोळी लागू पडली नाही. पण मळमळीनेही जाग येते. हाकेची वाट पाहिली का? पाहिली, पण वाट पाहतोय का हे पाहण्यासाठी पाहिली, ती धरायची की नाही? बाबा उठले, त्यांना मोरीत नेलं, चड्डी बदलली, तोंड धुतलं, आणि प्रत्येक वेळी तो पोटात डोकावून पाहत होता, सैल होतंय की नाही. एकदा झाल्यासारखं वाटलं, एकदा नुसतीच मळमळ. या प्रयोगात ताडून पाहायला घरचा माणूस नव्हता. गोळी न घेतलेला दुसरा एक नॉर्मल शेजारी उभा असता तर त्याला विचारलं असतं, काय रे, तुला काय वाटतंय? बाबा त्या सकाळी त्याला काहीच म्हणाले नाहीत. आई नाही, कुणीच नाही. सदऱ्याची बटणं लावून घेताना ते छताकडे पाहत राहिले.

दादा वेळेवर आला. बाबांसाठी त्याने मऊ सपाता आणल्या होत्या. वाटेत तो बोलत होता आणि हा बाबांचा हात धरून मागे बसला होता. ते घर खरोखरच चांगलं निघालं. भिंती स्वच्छ, खिडक्या मोठ्या, कुणी ओरडत नव्हतं, कुणाच्या अंगाला वास नव्हता. खोलीत ऊन आलं होतं. मनात खोट काढायला जागा शोधत तो फिरला, मोरीचा नळ सोडून पाहिला, गादी दाबून पाहिली. गादी त्याच्या घरच्या गादीपेक्षा बरी होती. जेवणाच्या हॉलमध्ये दुपारचं खाणं चाललं होतं. एप्रन घातलेल्या एका मध्यमवयीन बाईने बाबांना खुर्चीत बसवलं, गळ्याशी रुमाल बांधला, आणि वाटीतलं काहीतरी मऊ चमच्याने ढवळून फुंकर घातली. त्याला ठाऊक होतं, बाबा परक्याच्या हातचं खात नाहीत. काकूंच्या हातचंसुद्धा रडतखडत. तो जागेवरच थोडा पुढे झाला, म्हणजे आता आपल्याला बोलावतील.

बाबांनी आ केला. घास गिळला. पुन्हा आ केला. बाईने ओठांच्या कडेचं निपटून काढलं, आणि बाबा तिच्याकडे मान वर करून म्हणाले, "आई, अजून."

बाई हसली. तिला हे रोजचं असावं. "देते हं," ती म्हणाली.

दादाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दादाच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते सुटकेचं होतं. हळू आवाजात दादा म्हणाला, "बघ, रुळले. उगाच घाबरत होतास तू." हे खरंच होतं. बाबा रुळले होते. त्याला आनंद व्हायला हवा होता, आणि तो आनंद कुठे आहे हे त्याने प्रामाणिकपणे शोधलं. तो सापडला नाही. सापडलं ते भलतंच होतं. त्याला त्या बाईचा राग आला. असा राग त्याला बायको गेली तेव्हाही आला नव्हता. चमचा हिसकावून घ्यावा, रुमालाची गाठ सोडावी, हे माझं आहे म्हणावं. त्याचे कान तापले. इतके दिवस त्याला वाटत होतं की बाबांनी आपल्याला निवडलंय, जगातल्या एवढ्या माणसांतून त्या कधी न पाहिलेल्या बाईच्या जागी आपल्याला बसवलंय, म्हणून आपल्या रक्तात हे उतरलं. तसं काहीच नव्हतं. जो घास देईल तो आई. निवडबिवड बाबांच्या गावीही नव्हती. रक्त बदललं होतं ते एकट्याचं. बाबांना तो नको होता असं नाही, तोच हवा असंही नव्हतं. हे कळल्यावर तरी सुटायला हवं होतं, गाठ आपोआप सुटावी तसं. उलट ते आणखी आवळलं. गोळी घेऊनही आवळलं, की गोळीमुळेच हे असं भलतं झालं, की रागाचं हार्मोन वेगळंच असतं? त्याला काही कळेना. हॉलमधले चमचे वाजत होते आणि त्याला नुसतं एवढं कळत होतं की संध्याकाळी आपण पाव दुधात कुस्करणार आणि समोर कुणी नसणार.

"मग मी आत जाऊन सांगून येतो," दादा म्हणाला. "आजपासूनच राहू देत. कपडे मी उद्या आणून देईन."

"नको, दादा."

"अरे, आता काय? ते खूश आहेत इथे. तुझ्या डोळ्यांनी बघतोयस."

"त्यांचं होईल इथे," तो म्हणाला. "चांगलं होईल. माझं नाही होणार."

तू आजारी आहेस, दादा म्हणाला. असेन, हा म्हणाला. दादाने पुष्कळ सांगितलं, आणि त्यातलं एकही चुकीचं नव्हतं. अशी खोली पुन्हा मिळणार नाही, तुलाही वय होतंय, तू पडलास तर तुझं कोण करणार? हे हट्टाचं आहे, बाबांच्या भल्याचं नाही, असंही दादा शेवटी म्हणाला, आणि याने मान हलवली. बाबांच्या भल्याचं आहे असं म्हणायची त्याची हिंमत नव्हती. तो खुर्चीकडे गेला, बाईला थँक्यू म्हणाला, आणि बाबांच्या गळ्याचा रुमाल सोडू लागला. गाठ लवकर सुटली नाही. बाबांनी एकदा त्या बाईकडे पाहिलं, एकदा वाटीकडे, आणि निमूटपणे उठले. त्या निमूटपणाने त्याला आणखी अपराधी वाटलं. आपण कुणाचं तरी काहीतरी चोरून नेतोय असं त्याला दारापर्यंत वाटत राहिलं.

परत येताना दादा चौकाचौकात ब्रेक जरा जास्तच जोरात दाबत होता. मागच्या सीटवर बाबा खिडकीला टेकून बसले होते, मधे हातभर जागा सोडून, ओळख नसलेल्या माणसाशेजारी बसावं तसे. दुकानं जात होती, रविवारची बंद शटरं, एक कपडे धुण्याचं दुकान, एक शाळा. त्याच्या पोटात पुन्हा मळमळू लागलं होतं आणि ते गोळीचं की दादाच्या ब्रेकचं, याचा विचार करणं त्याने अर्ध्यावर सोडून दिलं. बाबांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. भिंगावर ओरखडा आहे का बघावं तसं, एका डोळ्याने थोडं जास्त. त्याने वाट पाहिली. आता ते म्हणतील. त्याला कुठल्याही हाकेला ओ द्यायची तयारी वाटत होती.

"तुम्ही कुठे उतरणार?" बाबांनी अदबीने विचारलं.

त्याने समोर पाहिलं. आरशात दादाचे डोळे होते, ते पटकन रस्त्याकडे गेले.

"तुमच्याबरोबरच," तो म्हणाला.

"बरं झालं," बाबा म्हणाले आणि त्याला नीट बसता यावं म्हणून थोडे सरकले.